झेब्रा मासा, कांद्यातील क्वेर्सेटिन आणि आपला मेदोरोग

स्थौल्याची तक्रार घेऊन येणाऱ्या रुग्णांची संख्या किती वाढली आहे, हे चिकित्सालय चालविणाऱ्या प्रत्येक वैद्याला ठाऊक आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार प्रौढांपैकी २८.६ टक्के व्यक्ती स्थूल असून, केवळ उदराच्या घेराचा विचार केल्यास हे प्रमाण ३९.५ टक्के भरते. एवढा मोठा रुग्णवर्ग म्हणजे एवढी मोठी बाजारपेठ, हे ओघानेच आले. त्यामुळे मेदोहर म्हणून नवनवीन वनस्पतिज अर्क, कॅप्सूल व चूर्णे औषधालयांत दाखल होत आहेत. त्यांच्या माहितीपत्रकांत अलीकडे एक नवा साक्षीदार दिसू लागला आहे. तो म्हणजे झेब्रा मासा. ‘अमुक वनस्पतीतील फ्लॅवोनॉइडाने झेब्रा माशांतील स्थूलता कमी झाली’ असे एखादे वाक्य, सोबत एक आलेख आणि खाली उत्पादनाचे छायाचित्र, असा या पत्रकांचा साधारण थाट असतो.

अशा वाक्याचा नेमका अर्थ काय, त्यावर किती विश्वास टाकावा आणि आपल्या शास्त्राच्या चौकटीत त्याला कोठे बसवावे, याचा विचार या लेखात करावयाचा आहे. हे प्रयोग निरर्थक आहेत असे सुचविण्याचा हेतू नाही. उलट ते नीट वाचले तर आयुर्वेदीय संशोधनाला त्यांपासून बरेच घेता येईल. परंतु माशातील निष्कर्ष आणि द्रव्याचा गुणधर्म या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्यांची गल्लत झाली, तर नुकसान शेवटी आपल्यावर विश्वास ठेवणाऱ्या रुग्णाचे होते.

हा मासा मूळचा आपलाच

झेब्रा मासा हा जेमतेम तीन ते चार सेंटिमीटर लांबीचा, अंगावर निळसर आडवे पट्टे असलेला गोड्या पाण्यातील मासा होय. गंगा व ब्रह्मपुत्रा यांच्या खोऱ्यांतील ओढे, तळी व भातखाचरे हे त्याचे मूळ घर. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेतील माशांवरील आपल्या ग्रंथात १८२२ साली त्याचे शास्त्रीय वर्णन केले. पुढे शोभेचा मासा म्हणून तो जगभर गेला. अमेरिकेतील ओरेगॉन विद्यापीठाचे जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कार्यामुळे तो आनुवंशशास्त्राच्या प्रयोगशाळेत स्थिरावला. भारतात दिल्लीच्या जीनोमिकी आणि समवेत जीवविज्ञान संस्थेने २००९ मध्ये रानटी झेब्रा माशाच्या जनुकसंचाचे वाचन केल्याचे जाहीर केले. महाराष्ट्रात मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि पुण्याची आघारकर संशोधन संस्था येथेही या माशावर मूलभूत संशोधन झाले आहे.

या माशाच्या लोकप्रियतेची कारणे व्यावहारिक आहेत. मादी एका वेळी शेकड्यांनी अंडी घालते. भ्रूण पारदर्शक असल्याने हृदय, यकृत, रक्तवाहिन्या इतकेच नव्हे, तर मेदाचे कणही सूक्ष्मदर्शकाखाली जिवंतपणी पाहता येतात. थोड्या जागेत, थोड्या खर्चात व थोड्या द्रव्यात पुष्कळ प्रयोग उरकतात. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकसंचाच्या अभ्यासानुसार मानवाच्या सुमारे ७० टक्के जनुकांना या माशात किमान एक समकक्ष जनुक आहे. यकृत, स्वादुपिंड, पित्ताशय आणि मेदपेशी त्याला आहेत, इन्सुलिनही आहे. मेदाच्या चयापचयाचे मुख्य मार्ग आपल्याशी जुळतात.

मात्र दोन भेद वैद्याने विशेष लक्षात ठेवावेत. एक, हा शीतरक्ती प्राणी असून प्रयोगशाळेत त्याला सुमारे २८ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात ठेवतात. सस्तन प्राण्यांत ऊष्मा निर्माण करणारा जो तपकिरी मेद असतो, तो त्याला नाही. दुसरा भेद आपल्या दृष्टीने अधिक बोलका आहे. झेब्रा माशाला खरे जठरच नसते. त्याच्या आतड्याचा अग्रभाग थोडा फुगीर असतो, परंतु अम्लस्राव करणारे जठर नसते. ज्या शास्त्रात आमाशय हे कफाचे स्थान मानले आहे आणि अन्नाच्या पहिल्या अवस्थापाकाचा विचार तेथून सुरू होतो, त्या शास्त्राच्या अभ्यासकाने हा भेद नजरेआड करू नये.

प्रयोग कसे झाले

आहारजन्य स्थौल्याचा झेब्रा माशातील प्रमुख नमुना जपानमधील संशोधकांनी २०१० मध्ये मांडला. प्रौढ माशांचे दोन गट करण्यात आले. एका गटाला प्रतिमासा दररोज ५ मिलिग्रॅम आर्टेमिया नावाचे सूक्ष्म कवचधारी जीव खाद्य म्हणून दिले, दुसऱ्याला ६० मिलिग्रॅम. म्हणजे आहार बारापट. काही आठवड्यांत दुसऱ्या गटातील माशांचा वजन-लांबी निर्देशांक वाढला, रक्तातील ट्रायग्लिसराइड वाढले आणि यकृतात मेद साठला. या माशांच्या मेदपेशींतील जनुकांच्या हालचाली मानव व उंदीर यांच्या स्थौल्यात दिसणाऱ्या बदलांशी पुष्कळ अंशी जुळल्या. त्यामुळे मेदोरोगावरील द्रव्ये चाळण्यासाठी हा नमुना मान्यता पावला.

यानंतर याच पद्धतीने वनस्पतिज द्रव्यांची परीक्षा सुरू झाली. २०१२ मध्ये हरित चहाच्या अर्काने अशा माशांतील मेदसंचय कमी झाल्याचा निष्कर्ष आला. हरित चहातील कॅटेचिन ही फ्लॅवोनॉइड वर्गातीलच संयुगे होत. २०१४ मध्ये लिंबातील एरिओसिट्रिन या फ्लॅवोनॉइडाचा प्रयोग प्रसिद्ध झाला. जादा मेदयुक्त आहार घेणाऱ्या माशांच्या यकृतातील मेद या द्रव्याने घटला आणि पेशींतील ऊर्जाकेंद्रांची, म्हणजे मायटोकाँड्रियांची, निर्मिती वाढल्याचे आढळले. मानवी यकृतपेशींच्या संवर्धनातही तसेच संकेत मिळाले.

निष्कर्ष आकर्षक आहेत, यात शंका नाही. परंतु एरिओसिट्रिनच्या प्रयोगाचा मुख्य निष्कर्ष यकृतातील मेदाविषयीचा आहे, हे ध्यानात घ्यावे. यकृतातील मेद, रक्तातील मेद, उदरातील मेद आणि शरीराचे वजन ही चार निरनिराळी मोजमापे आहेत. माहितीपत्रकात मात्र या चारही गोष्टी ‘वजन घटते’ या एका वाक्यात विरघळून जातात. शिवाय या प्रयोगातील लिंबू आणि आपल्या बाजारातील कागदी लिंबू या दोन वेगळ्या जाती आहेत. द्रव्याची ओळख पटविल्याशिवाय गुणधर्म सांगू नये, हा आपल्याच द्रव्यगुणशास्त्राचा पहिला पाठ येथेही लागू पडतो.

निदान व संप्राप्तीच्या कसोटीवर

चरकाचार्यांनी सूत्रस्थानातील अष्टौनिंदितीय अध्यायात अतिस्थूलाची हेतुपरंपरा सांगितली आहे. अतिसंपूरण, गुरु-मधुर-शीत-स्निग्ध आहार, अव्यायाम, अव्यवाय, दिवास्वाप, सततचा हर्ष, चिंतेचा अभाव आणि बीजस्वभाव असे हे हेतू आहेत. या यादीशेजारी माशाचा प्रयोग ठेवून पाहावा. प्रयोगात अतिसंपूरण आहे आणि स्निग्ध आहारही आहे. अव्यायाम, दिवास्वाप, मनाची अवस्था व बीजस्वभाव यांना मात्र तेथे स्थान नाही. एकाच वंशाचे, एकाच वयाचे, एकाच तापमानात वाढलेले मासे मुद्दाम निवडले जातात, कारण प्रयोगाला सारखेपणा हवा असतो. चिकित्सेला हवा असतो तो रुग्णारुग्णातील भेद.

संप्राप्तीतही असाच फरक आहे. मेदाने मार्ग आवृत झाल्यामुळे वायू कोष्ठात विशेष संचार करतो, अग्नीला प्रदीप्त करतो, त्यामुळे आहार शीघ्र पचतो आणि रुग्ण पुन्हा अन्नाची इच्छा करतो, हे चक्र आपण शिकलो आहोत व रुग्णांत रोज पाहतो. माशाच्या प्रयोगात अन्न किती वाढायचे हे संशोधक ठरवितो. भूक वाढल्याने आहार वाढला, ही कडी त्या मांडणीत तपासलीच जात नाही.

तिसरा मुद्दा चिकित्सेचा. अशा प्रयोगांत बहुधा अतिआहार चालू ठेवूनच द्रव्य दिले जाते. प्रश्न असा असतो की, हेतू चालू असताना हे द्रव्य शरीराला कितपत सावरते? आपली चिकित्सा निदानपरिवर्जनापासून सुरू होते, आणि गुरु परंतु अपतर्पण करणारा आहार हे स्थौल्यचिकित्सेचे सूत्र आहे. जो रुग्ण हेतू सोडण्यास तयार नाही, त्याला ‘खाणे चालू ठेवा, कॅप्सूल घ्या’ हा संदेश अर्थातच गोड वाटतो. प्रयोगाच्या रचनेतून नकळत हाच संदेश पत्रकात उतरतो, आणि तो आपल्या शास्त्राच्या सरळ विरुद्ध आहे.

असे असले तरी प्रयोग टाकाऊ ठरत नाही. संतर्पणजन्य मेदवृद्धीचा एक मर्यादित, स्वच्छ व पुन्हा पुन्हा करून पाहता येईल असा नमुना म्हणून त्याचे मोल आहे. मर्यादा सांगून वापरला, तर तो उपयुक्त आहे.

लासलगावचा कांदा काय सांगतो

हा विषय नाशिककर वैद्याच्या घराशी आणून सोडणारे द्रव्य म्हणजे कांदा. निफाड तालुक्यातील लासलगावची कांद्याची बाजारपेठ देशभर प्रसिद्ध आहे. पोळ, रांगडा आणि उन्हाळ अशा तिन्ही हंगामांचा कांदा या जिल्ह्यात पिकतो. क्वेर्सेटिन हे बहुचर्चित फ्लॅवोनॉइड रोजच्या आहारातून मिळण्याचा एक प्रमुख मार्ग म्हणजे हाच कांदा. लाल व पिवळ्या कांद्यात ते भरपूर, तर पांढऱ्या कांद्यात फारच कमी असते. आतल्या पाकळ्यांपेक्षा बाहेरच्या पाकळ्यांत अधिक, आणि आपण जे टाकून देतो त्या कोरड्या सालीत सर्वांत अधिक असते. कांदा पाण्यात उकळल्यास त्यातील काही भाग पाण्यात उतरतो.

साहजिकच कांद्याच्या सालीचा अर्क, कांद्याचे चूर्ण, शुद्ध क्वेर्सेटिन अशी उत्पादने ‘मेदोहर’ म्हणून पुढे येतात. ‘आपल्याकडे एवढा कांदा पिकतो, मग कांदा खाऊन वजन उतरेल का?’ असे रुग्णही विचारतात.

या प्रश्नाचे उत्तर देताना वैद्याने आधी संहिता उघडावी. चरकसंहितेत पलांडूचा विचार हरितवर्गात आला आहे. तेथे तो कफ वाढविणारा, वातघ्न, पित्ताचे शमन न करणारा, बल्य, गुरु, वृष्य आणि रुची उत्पन्न करणारा असा सांगितला आहे. भावप्रकाशातही त्याला गुरु, बल्य व कफकर म्हटले आहे. म्हणजे ज्या द्रव्याला शास्त्राने श्लेष्मल व गुरु ठरविले, त्याच द्रव्यातील एका अंशाला प्रयोगशाळा मेदोहर म्हणून पुढे करीत आहे.

येथे गोंधळून जाण्याचे कारण नाही. शास्त्रकारांनी संपूर्ण द्रव्याचे, आहारात घेतल्या जाणाऱ्या मात्रेतील कर्म सांगितले आहे. प्रयोगशाळा त्या द्रव्यातील एका रेणूचे, वेगळा काढून व घन करून दिल्यावरचे कर्म सांगते. दोन्ही विधाने आपापल्या जागी खरी असू शकतात. चूक होते ती एकाचे विधान दुसऱ्याच्या नावावर खपविण्यात. क्वेर्सेटिनचा निष्कर्ष दाखवून पलांडू मेदोहर आहे असे म्हणणे शास्त्राला धरून नाही. तसेच पलांडू श्लेष्मल आहे म्हणून क्वेर्सेटिन निरुपयोगी, असे म्हणणेही युक्तिसंगत नाही.

आता क्वेर्सेटिनविषयीचा पुरावा पाहू. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील एका अभ्यासात जादा मेदयुक्त आहारासोबत क्वेर्सेटिन दिले असता ऊर्जेचा व्यय सुरुवातीला वाढला, परंतु आठव्या आठवड्यापर्यंत तो परिणाम टिकला नाही. २०११ च्या दुसऱ्या अभ्यासात पाश्चात्त्य पद्धतीच्या आहारावरील उंदरांना कमी प्रमाणात, परंतु वीस आठवडे क्वेर्सेटिन दिले, तेव्हा यकृतातील मेदसंचय घटला. एकाच द्रव्याचे एकाच जातीच्या प्राण्यात असे भिन्न परिणाम दिसतात. मानवात २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतील चाचणीत ९३ अतिवजनी व्यक्तींना दररोज १५० मिलिग्रॅम क्वेर्सेटिन सहा आठवडे देण्यात आले. आकुंचनकालीन रक्तदाब सरासरी २.६ मिलिमीटरने उतरला व एलडीएलचे ऑक्सिडीकृत रूप कमी झाले. या चाचणीचे फलित हृदयाशी संबंधित मोजमापांचे आहे. त्यावरून वजन घटते असे कोणी सांगू लागल्यास त्याला आधार नाही.

मात्रेचा हिशेब

औषधालयाच्या चालकांनी हा भाग विशेष काळजीपूर्वक वाचावा. प्राण्यांतील मात्रेवरून मानवाची मात्रा काढताना वजनाने सरळ गुणाकार करीत नाहीत. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार शरीराच्या पृष्ठभागाच्या आधारे रूपांतर करतात. घुशीच्या वंशातील प्रयोगशाळेतील पांढऱ्या उंदरासाठी, म्हणजे रॅटसाठी, हा गुणक ६ आणि मानवासाठी ३७ धरतात. समजा, रॅटला प्रतिकिलो १०० मिलिग्रॅम द्रव्य दिले. मानवाची समतुल्य मात्रा प्रतिकिलो सुमारे १६ मिलिग्रॅम येते. साठ किलो वजनाच्या व्यक्तीस हे सुमारे ९७० मिलिग्रॅम झाले. लाल कांद्यात दर १०० ग्रॅमला ३० मिलिग्रॅम क्वेर्सेटिन धरले, तर एवढ्या मात्रेसाठी रोज सुमारे सव्वातीन किलो कांदा खावा लागेल. हा केवळ समजुतीसाठीचा हिशेब आहे. परंतु आहारातील कांदा आणि प्रयोगातील मात्रा यांतले अंतर त्यावरून स्पष्ट व्हावे.

झेब्रा माशाच्या बाबतीत अडचण आणखी वाढते. या मार्गदर्शनात माशासाठी असा गुणकच दिलेला नाही. पुष्कळ प्रयोगांत, विशेषतः डिंभांवरील प्रयोगांत, द्रव्य पाण्यात विरघळवितात. ते त्वचा, कल्ले व आतडे अशा अनेक मार्गांनी शरीरात शिरते. पाण्यातील तीव्रता म्हणजे शरीरात गेलेली मात्रा नव्हे. म्हणून माशाच्या प्रयोगावरून गोळीचे मिलिग्रॅम ठरविले आहेत असे कोणी सांगितले, तर ते कसे ठरविले, हा प्रश्न लगेच विचारावा.

शोषणाचाही विचार हवा. कांद्यातील क्वेर्सेटिन शर्करेशी बद्ध असते. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधील मानवी अभ्यासात कांद्यातील बद्ध क्वेर्सेटिनचे शोषण ५२ टक्के, तर शुद्ध क्वेर्सेटिनचे २४ टक्के आढळले. म्हणजे शुद्ध केलेला रेणू हा निसर्गातील द्रव्यापेक्षा अधिक परिणामकारक असतोच, असे नाही. संपूर्ण द्रव्य, त्याची कल्पना व अनुपान यांवर आपल्या आचार्यांनी दिलेला भर येथे आठवावा.

अर्क घन झाला की धोका बदलतो

हरित चहाच्या अर्काने माशांतील मेद कमी झाला, हे वर आले आहे. या द्रव्याची पुढची कथा प्रत्येक चिकित्सकाने लक्षात ठेवावी. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये उपलब्ध पुराव्याचा आढावा घेतला. पेय म्हणून घेतलेला हरित चहा सामान्यतः सुरक्षित ठरला. परंतु पूरक आहाराच्या रूपात त्यातील मुख्य कॅटेचिन, एपिगॅलोकॅटेचिन गॅलेट, दररोज ८०० मिलिग्रॅम किंवा अधिक घेणाऱ्या व्यक्तींत यकृताची एन्झाइमे वाढलेली आढळली. द्रव्य तेच, रेणू तोच, परंतु मात्रा व कल्पना बदलताच परिणाम बदलला. योग्य योजना केल्यास तीक्ष्ण विषही उत्तम भेषज होते आणि अयोग्य योजनेने भेषजही विषासमान होते, हा चरकाचार्यांचा विचार यापेक्षा अधिक स्पष्टपणे कोणते आधुनिक उदाहरण सांगेल?

स्थूल रुग्णांपैकी अनेकांना मधुमेह, उच्चरक्तदाब किंवा यकृतात मेदसंचय असतो आणि त्यांची आधुनिक औषधे चालू असतात. घन अर्कातील फ्लॅवोनॉइडे औषधांचे विघटन करणाऱ्या एन्झाइमांवर परिणाम करू शकतात, असे प्रयोगशाळेतील अभ्यासांत दिसले आहे. म्हणून असा अर्क सुरू करण्यापूर्वी रुग्णाची सर्व औषधे विचारून नोंदवावीत. यकृताची तपासणी आधी व नंतर करून घ्यावी. ‘वनस्पतीचे आहे, अपाय नाही’ हे वाक्य वैद्याच्या तोंडी शोभत नाही.

गुग्गुळाचे उदाहरण

प्राणिप्रयोगापासून मानवापर्यंतचा प्रवास कसा होतो, याचे आपल्या देशातील सर्वांत उद्बोधक उदाहरण गुग्गुळाचे आहे. बनारस हिंदू विद्यापीठात जी. व्ही. सत्यवती यांनी सुश्रुतसंहितेतील मेदोरोगाचे वर्णन आधाराला घेऊन गुग्गुळावर संशोधन केले. त्यांचा प्रबंध १९६६ सालचा. सशांना कोलेस्टेरॉलयुक्त आहार देऊन त्यांनी गुग्गुळाचा परिणाम पाहिला आणि रक्तातील मेद घटल्याचे दाखविले. येथे क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. आधी ग्रंथ, मग त्यातील संप्राप्तीवर आधारलेला प्रश्न, त्यानंतर प्राणी. पुढे लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत या कार्यातून गुग्गुलिपिड हे औषध विकसित झाले आणि १९८० च्या दशकात ते भारतात उपलब्ध झाले.

२००३ मध्ये मात्र अमेरिकेतील एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कोलेस्टेरॉल वाढलेल्या १०३ व्यक्तींवर आठ आठवडे झालेल्या या चाचणीत एलडीएल घटण्याऐवजी गुग्गुलिपिड घेणाऱ्यांत ४ ते ५ टक्क्यांनी वाढले, तर निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत ५ टक्क्यांनी घटले. काही जणांना त्वचेवर पुरळ उठले. यावर आपल्याकडे दोन टोकांच्या प्रतिक्रिया उमटतात. काहींना गुग्गुळ खोटा वाटतो, तर काहींना चाचणी. वस्तुतः ज्याची परीक्षा झाली, तो ठराविक गुग्गुलस्टेरॉन असलेला विद्रावकाने काढलेला अर्क होता. शोधन केलेला, कल्पयुक्त व अनुपानासह दिलेला गुग्गुळ नव्हता. रुग्णांची निवडही प्रकृती, अग्नी किंवा आमावस्था पाहून झालेली नव्हती. परंतु हे म्हणतानाच एक गोष्ट मान्य केली पाहिजे. सशातील उत्तम निष्कर्ष मानवात जसाच्या तसा उतरत नाही, हे या चाचणीने सिद्ध केले. सस्तन सशाच्या बाबतीत असे घडते, तर जठर नसलेल्या माशाच्या बाबतीत किती सावध राहावयास हवे, हे सांगणे न लगे.

कायदा आणि औषधालय

औषधे आणि जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींस बंदी घालणारा १९५४ चा कायदा आपणा सर्वांना परिचित आहे. त्याच्या अनुसूचीत मधुमेह, उच्चरक्तदाब यांच्यासोबत स्थूलतेचाही समावेश आहे. अर्थात स्थूलता बरी करतो अशी जनतेपुढील जाहिरात करता येत नाही, मग तिच्यामागे मासा उभा असो वा संहिता. नोंदणीकृत चिकित्सकाला विहित पद्धतीने गोपनीयपणे पाठविलेल्या माहितीला मात्र या कायद्यात सूट आहे. या सवलतीचा अर्थ समजून घ्यावा. वैद्याला वाचून पारखता येते, या विश्वासावर ती दिलेली आहे. ते पत्रक आपण न पारखता दर्शनी भागात लावले किंवा रुग्णाच्या हाती दिले, तर कायद्याने टाकलेला तो विश्वास आपणच गमावतो.

दुसरा मुद्दा नावाचा. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यानुसार स्वामित्व असलेल्या आयुर्वेदीय औषधात प्रमाणित ग्रंथांतील योगांत सांगितलेलीच घटकद्रव्ये असावी लागतात. शुद्ध क्वेर्सेटिन किंवा शुद्ध एरिओसिट्रिन हे ग्रंथोक्त घटकद्रव्य नव्हे. २०१५ मध्ये औषध नियमांत वनस्पतिज औषधांचा जो नवा वर्ग आला, त्यातही किमान चार क्रियाशील वा वनस्पतिरासायनिक घटक निश्चित केलेला शुद्ध अंश अपेक्षित आहे. म्हणून एकाच रेणूच्या कॅप्सूलवर ‘आयुर्वेदिक’ असा शब्द दिसला, तर त्या उत्पादनाचा परवाना कोणत्या वर्गाचा आहे, हे औषधालयाच्या चालकाने माल ठेवण्यापूर्वी तपासून पाहावे.

पत्रक हाती आल्यावर विचारावयाचे प्रश्न

१. प्रयोग कोणावर झाला? पेशी, डिंभ, प्रौढ मासा, उंदीर की मानव?

२. परीक्षा कशाची झाली? संपूर्ण द्रव्य, क्वाथ, विद्रावकाने काढलेला अर्क की एकच रेणू? विकावयाचे उत्पादन तेच आहे काय?

३. वनस्पतीची जात, तिचे अंग व संग्रहाचा काळ नमूद आहे काय?

४. काय मोजले? वजन, यकृतातील मेद, रक्तातील मेद की केवळ जनुकांची हालचाल?

५. द्रव्य आधी देऊन स्थौल्य रोखले, की स्थौल्य झाल्यावर ते कमी केले? पहिले प्रतिबंधाचे कार्य, दुसरे चिकित्सेचे. रुग्ण आपल्याकडे येतो तो बहुधा दुसऱ्यासाठी.

६. मात्रा मानवासाठी कशी काढली, आणि यकृत व वृक्क यांवरील सुरक्षिततेची तपासणी कोठे आहे?

यांपैकी तीन प्रश्नांचीही समाधानकारक उत्तरे प्रतिनिधीकडून मिळाली नाहीत, तर माल परत करण्यास संकोच करू नये.

आपण या माशाचा उपयोग करून घ्यावा

टीका करून थांबणे पुरेसे नाही. नाशिक हे १९९८ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे स्थान आहे आणि राज्यातील आयुर्वेदाचे बहुतेक पदव्युत्तर प्रबंध याच विद्यापीठाकडे सादर होतात. द्रव्यगुण, रसशास्त्र व भैषज्यकल्पना या विभागांतील विद्यार्थ्यांनी झेब्रा माशाची सोय असलेल्या संस्थांच्या सहकार्याने काही विषय हाती घ्यावेत, असे सुचवावेसे वाटते.

पहिला विषय सुरक्षिततेचा. माशाच्या भ्रूणावर ९६ तासांत तीव्र विषाक्तता पाहण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत २०१३ पासून प्रमाणित आहे. ती प्रामुख्याने रसायनांसाठी असली, तरी क्वाथ व अर्क यांच्या प्राथमिक चाळणीस ती मार्गदर्शक ठरू शकते. दुसरा विषय कल्पनांच्या तुलनेचा. त्रिफळेचे चूर्ण, क्वाथ व घन यांचा संतर्पणजन्य मेदवृद्धीवरील परिणाम एकाच नमुन्यात तोलून पाहता येईल. तिसरा विषय संयोगाचा. चरकाचार्यांनी स्थौल्यात गुडूची, भद्रमुस्ता, त्रिफळा, विडंग, शुंठी, क्षार, मध, यव व आमलकी अशी द्रव्ये सांगितली आहेत. एकेक द्रव्य आणि त्यांचा योग यांत फरक पडतो काय, हा प्रश्न आपला स्वतःचा आहे. तो दुसऱ्या कोणी विचारण्याची वाट पाहू नये. द्रव्याचा नमुना जपून ठेवणे, वनस्पतिशास्त्रज्ञाकडून ओळख पटविणे आणि रासायनिक ठसा नोंदविणे ही पूर्वतयारी मात्र काटेकोर हवी.

समारोप

लासलगावच्या कांद्यातील क्वेर्सेटिन असो, लिंबातील एरिओसिट्रिन असो की हरित चहातील कॅटेचिन, माशाने दिलेली साक्ष एवढीच आहे की, ठराविक परिस्थितीत, ठराविक मात्रेत या द्रव्यांचा मेदाच्या चयापचयाशी संबंध दिसतो. हा शोधाचा आरंभ आहे. त्यापुढील उंदीर, मानव, मात्रा व सुरक्षितता हे टप्पे ओलांडल्याशिवाय त्यावरून चिकित्सा ठरविता येत नाही. तोवर रुग्ण ‘कांदा खाऊन वजन उतरेल का?’ असे विचारील, तेव्हा त्याचा अग्नी पाहावा, त्याच्या ताटातील अतिसंपूरण शोधावे, दुपारची झोप सोडवावी, यवाची भाकरी व नियमित चालणे सांगावे आणि मग ग्रंथोक्त औषध योजावे. कांदा रुचीपुरता जेवणात असू द्यावा. मेदोरोगाचे औषध म्हणून तो देण्यास आज ना संहितेचा आधार आहे, ना प्रयोगशाळेचा.